सोबतीचा बैल

सिस्टर ह्यासिंता गेल्या तेव्हा गावानं मला जे बोल लावले ते मी मुकाट ऐकून घेतले. फटकळ बाई आहे मी, एरवी कुणाचं ऐकून घेत नाही. पण त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर नको ते बाहेर पडलं असतं. म्हणून गप्प बसले, तर त्याचाही लोकांनी अर्थ लावलाच. म्हणाले, मापुलेंगनं नवऱ्याचा सूड उगवला.

सूड म्हणे! ज्या बाईला मी शेवटचे तीन महिने या हातांनी भरवलं, तिच्यावर मी सूड उगवीन?

आमच्या हा-मोतेने नावाच्या गावात पूर्वी एक शाळा होती. समुद्रापलीकडून आलेल्या म्हाताऱ्या फादरनी बांधलेली, दगडी, वर चकचकीत पत्रे. वह्या तिकडून यायच्या, मास्तरांचा पगार तिकडून यायचा, दुधाची पावडरसुद्धा तिकडूनच. आमच्या डोंगरावर गुरं चरत होती आणि पोरं डब्यातली पावडर पीत होती, आता बोला! फादर थकून मायदेशी गेले, त्यांच्यामागून काही येईनासं झालं. बर्फाच्या ओझ्यानं पत्रे वाकले, मास्तर एकेक करून उतरून गेले, आणि माझी लेक पुलेंग चौथीतून घरी बसली.

मग काही वर्षांनी एक दिवस घोड्यावर बसून सिस्टर ह्यासिंता आल्या. आमच्याच डोंगरातल्या, पलीकडच्या खोऱ्यातल्या. गावप्रमुखाच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाल्या, "शाळा परत काढायची आहे. मी कुणाकडे पैसे मागायला आले नाही. बाहेरच्या पैशावर उभी राहिलेली शाळा बाहेरच्या पैशाबरोबर जाते, ते तुम्ही बघितलंच. मला गुरं द्या."

पुरुष हसायला लागले. माझा दीर सेकाके तेव्हा तरणाबांड होता. तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही नन आहात की गुराखी?"

"येशू मेंढपाळ झालेला चालतो तुला, मी गुराखी झाले तर काय बिघडलं?" सिस्टर म्हणाल्या. सेकाकेचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आपली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात सांभाळायला ठेवायची रीत आमच्याकडे पूर्वापार आहे. दूध आणि नांगरट सांभाळणाऱ्याची, गाय आणि तिची वासरं मालकाची. सिस्टरना तसंच हवं होतं. गावानं आपली जास्तीची जनावरं शाळेच्या गोठ्यात ठेवायची. दुधातून मास्तरांचं भागेल, चर्चच्या शेतात मका होईल, त्याची पेज पोरांना मिळेल. लोकांना पटलं. एकेकानं जनावर आणून बांधलं. आणि मग सिस्टरनी हळूच पुढचं पान टाकलं. "गुरं आता माझ्याकडे आहेत. मग तुमचे गुराखी डोंगरावर काय दगड राखणार? त्यांनाही पाठवा."

आमच्याकडे मुली शाळेत जातात आणि मुलगे गुरांमागे जातात. पिढ्यान्‌पिढ्या तसंच. त्या वर्षी पहिल्यांदा मुलगे वर्गात बसले, पाळीपाळीनं, अर्धे गुरांकडे आणि अर्धे फळ्याकडे तोंड करून. सिस्टरनी आम्हाला कसं गंडवलं हे पुरुषांच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

माझ्या नवऱ्यानं, मोहापीनं, आपली सगळी कमाई शाळेत बांधली. सगळी म्हणजे दोन बैल, तांबडा आणि बांडा. सोन्याच्या खाणीत जन्म घालवून त्यानं तेवढंच जमवलं होतं. खाणीत पाटी वाचता येत नाही म्हणून लोकांनी त्याची फार टर उडवली होती, ते त्याच्या मनाला लागलं होतं. "आपल्या पोरांची कुणी टर उडवायला नको," एवढंच म्हणाला आणि बैल नेऊन बांधले.

एकच अट सिस्टरनी घातली होती. शाळेच्या गोठ्यातलं जनावर मयतासाठी न्यायचं नाही. चर्चमध्ये, वेदीसमोर उभं करून सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. सगळे हो म्हणाले. त्या दिवशी सगळे जिवंत होते, हो म्हणायला काय जातंय!

आमच्यात माणूस एकटा जात नाही. त्याच्या घरचं एक जनावर त्याच्यासोबत जातं. मांस गाव खातं, पण जनावर पुढं त्याच्याबरोबर चालतं, त्याला पूर्वजांच्या दारापर्यंत पोचवतं. आणि ते त्याच्या घरचंच लागतं, त्याला ओळखणारं. उसनं चालत नाही. आम्ही कॅथलिक आहोत, रविवार चुकवत नाही, उपास पाळतो. पण म्हणून काय आपल्या माणसाला एकटं धाडायचं?

आणि मग ती वर्षं आली. त्या रोगाचं नाव कुणी घ्यायचं नाही. खोकला म्हणायचे, छाती म्हणायचे, कुणी करणी म्हणायचे. खाणीतून परत आलेले पुरुष गेले, त्यांच्या बायका गेल्या. दर शनिवारी दफन. आणि दर दफनाच्या आधी कुणीतरी दोर घेऊन शाळेच्या गोठ्यापाशी उभं.

सुरुवातीला सिस्टर भांडल्या. "वेदीसमोर काय म्हणाला होतास?" असं विचारायच्या. समोरचा नुसता रडायचा. मग सिस्टरही रडायच्या आणि स्वतःच्या हातानं दावं सोडून द्यायच्या. गाय त्याची, तो मागतोय, यांनी अडवायचं कशाच्या बळावर? माझी पुलेंग गेली तेव्हा तिच्या सासरच्यांनी त्यांची काळी गाय नेली, आणि पोर, केनेवे, माझ्या ओटीत टाकली. वर्गात पोरकी पोरं वाढत चालली आणि गोठ्यात दावी रिकामी होत चालली. शेवटी मोहापीचे दोन बैल तेवढे उरले. दूध गेलं, मास्तर मक्यावर भागवू लागले, पण नांगर चालू होता. शेत पिकत होतं म्हणून चुलीवर पेज होती, आणि पेज होती म्हणून पोरं येत होती. आमच्या उंचावर ट्रॅक्टर चढत नाही.

मग मोहापी गेला. खाणीची धूळ छातीत घेऊन आला होता, ती शेवटी त्याला घेऊन गेली.

सिस्टर आल्या त्या दारातच गुडघे टेकून बसल्या. माझ्यापुढे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाल्या, "मापुलेंग, मला मागायचा अधिकार नाही. पण बैल नको गं."

सेकाके तिथंच होता. "सिस्टर, माझा भाऊ गडी होता," तो म्हणाला, "त्याला काय कोंबडी देऊन पाठवू?"

गावप्रमुख म्हणाला, बैल मोहापीच्या घरातले, मापुलेंग म्हणेल तसं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी केनेवेकडे बघितलं. ती तेव्हा पहिलीत होती, हातात सिस्टरनी दिलेली पाटी होती. मी म्हटलं, उसनी मेंढी आणून कापा.

मेंढी कापली. जन्मभर जमिनीच्या पोटात राबलेल्या माणसाची मेंढीवर बोळवण केली, असं लोक म्हणाले. माझ्या तोंडावर म्हणाले, पाठीमागं म्हणाले. सेकाके वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मला स्वप्न पडायचं, मोहापी कुठल्यातरी दाराबाहेर ताटकळत उभा आहे आणि आत बसलेल्यांपैकी कुणी त्याला ओळख देत नाही. हे मी सिस्टरना कधी सांगितलं नाही. सांगून काय करणार होते?

गेल्या हिवाळ्यात सिस्टर पडल्या. पोटात गाठ होती. मठानं खाली मोठ्या गावात बोलावलं, पण त्या हलल्या नाहीत. "माझं घर शाळा," म्हणाल्या. शाळेच्या मागं त्यांची गोल झोपडी होती, तिथंच खाट टाकली. दोन मास्तर वर्ग सांभाळायचे, मी चूल आणि सिस्टर.

एका दुपारी मी त्यांना आंबट पेज भरवत होते. बाहेर पोरं पाढे म्हणत होती. सिस्टरनी चमचा बाजूला केला.

"मापुलेंग, एक विचारू? हसू नकोस."

"विचारा की. आणि खा आधी."

"माझ्यासोबत काय पाठवाल?"

मला आधी उमगलंच नाही. म्हटलं, "पाठवायचं काय? फादर येतील, मठातल्या सगळ्याजणी येतील, पोरं गाणी म्हणतील..."

"ते कबरीपर्यंत गं. त्याच्यापुढे?"

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "सिस्टर, येशू हात धरून नेतो असं तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

"शिकवलं. आणि ते खरंच आहे. पण माझ्या बापाबरोबर आमची गाय गेली, आईबरोबर तिची कालवड गेली. मी लहान होते, त्यांना जाताना बघितलंय. माझ्याबरोबरही कुणीतरी असेल असं मी धरूनच चालले होते, कधी तोंडानं म्हटलं नाही एवढंच. आता ताप चढला की पुढं रस्ता दिसतो. धुकं असतं, आणि मी एकटीच असते. भीती वाटते गं मला."

मग मोहापीला नसेल वाटली? अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. गिळलं.

पण त्यांना ते कळलं असावं. माझा हात धरून म्हणाल्या, "त्याला मी तसंच पाठवलं. तुझ्या दारात बसून पाठवलं. कुठल्या तोंडानं मागतेय मी!" आणि मग एकदम, मास्तरीण बोलते तशा आवाजात म्हणाल्या, "तू काही ऐकलं नाहीस. तापात बडबडले मी. बैल शाळेचे आहेत. कुणाला सांगायचं नाही, शपथ घे."

घेतली शपथ. उरलेली पेज भरवली, तोंड पुसलं, आणि बाहेर येऊन गोवऱ्यांच्या ढिगाआड बसून हमसाहमशी रडले.

त्या गेल्या त्या नेमक्या नांगरटीच्या दिवसांत. खालून मठातल्या सिस्टर आल्या, पेटी आणली, शहरातून बर्फातल्या कोंबड्या आणल्या. तरुण फादर तेफो आले. पेटी मोठ्या वर्गात ठेवली आणि पोरं तिच्याभोवती बसली. सकाळी मी चूल पेटवत होते, तेवढ्यात गोठ्याकडून आवाज आले. जाऊन बघते तर अख्खा गाव जमलेला. सेकाकेच्या हातात दोर. तांबडा दावणीला उभा, निवांत रवंथ करतोय.

मी जाऊन गोठ्याच्या तोंडाशी उभी राहिले.

"भाऊजी, दोर कशाला?"

"वहिनी, तुम्ही ओळखलंय." सेकाकेचे डोळे सुजले होते. "त्यांना ना नवरा, ना घर, ना गोठा. शाळा हेच त्यांचं घर, मग घरचं जनावर हेच. तांबड्याला त्यांनी स्वतः कडबा घातलाय, तो ओळखतो त्यांना. तुम्ही फक्त हो म्हणा."

"आणि नांगर?"

"नांगराचं बघू."

"काय बघणार? एका बैलानं जोत चालतं का? दुसऱ्या बाजूनं जुवाखाली तुम्ही मान घालणार आहात?"

मागं कुणीतरी हसलं. फादर तेफो पुढं झाले. म्हणाले, "मंडळी, खरं तर याची काहीच आवश्यकता नाही. सिस्टर आता प्रभूच्या सहवासात आहेत."

"फादर, तुम्ही खालच्या मुलखातले," म्हातारा गावप्रमुख म्हणाला, "तुमच्याकडे सगळं दुकानात मिळतं. जरा बाजूला व्हा, माझ्या लेकरा." फादर बिचारे बाजूला झाले.

सेकाके माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, दादाला मेंढीवर घालवलं म्हणून मी तुमच्याशी वर्षभर बोललो नाही. आज मीच पदर पसरतोय. माझी तिन्ही पोरं त्यांनी शिकवली. सगळ्यांच्या मयतीला त्यांनी आपल्या हातानं दावं सोडून दिलं. आणि त्यांनाच रिकामं पाठवायचं? लोक काय म्हणतील, देव काय म्हणेल?"

त्याचं काही चुकत नव्हतं. तेच तर वाईट होतं. तो जे मागत होता तेच त्या बाईनं माझा हात धरून मागितलं होतं. हे त्या जमलेल्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. मी एक शब्द बोलले असते, "हो, त्यांची इच्छा होती," तर माझ्यावरचं ओझं उतरलं असतं. बैल कापला असता, सगळे रडले असते, जेवले असते. आणि पुढच्या हिवाळ्यात चुलीवर काय चढलं असतं? उपाशी पोरं बर्फातून वर चढून येत नाहीत. एकदा मिळायचं थांबलं की मास्तर उतरतात, हे मी एकदा बघितलेलं आहे. त्यांची शाळा त्यांच्याच सोबत कापून पाठवायची होती का?

पण हे सगळं नंतर सुचलं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"आज हा बैल कापला," मी ओरडले, "तर माझा मोहापी कशासाठी रिकामा गेला, सांगा मला! शाळेसाठी गेला ना? मग शाळा राहू दे! नाहीतर तो कशासाठी गेला, कुणीतरी सांगा!"

मागून बायकांमधून एक आवाज आला, "शेवटी नवऱ्याचाच सूड घेतला हिनं." कोण बोललं ते मला कळलं, पण नाव सांगत नाही. सेकाके दोराकडे बघत उभा राहिला. मग त्यानं तो माझ्या पायाशी टाकला आणि निघून गेला. त्याच्यामागून एकेक करून सगळे गेले.

केनेवे तेवढी राहिली. आता ती दहा वर्षांची आहे. तिला आई आठवत नाही, आई म्हणून सिस्टरच आठवतात.

"आजी, सिस्टर एकट्या जाणार?"

"हो."

"त्यांना भीती वाटेल."

"छे गं!" मी म्हटलं. "त्या कुठं कुणाला भितात?"

इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

दफन झालं. शाळेच्या भिंतीलगत, त्यांनी सांगितलं होतं तिथं. मी मका आणि घेवडा शिजवला होता, मठवाल्यांनी कोंबड्या केल्या होत्या. गावानं कबरीवर माती लोटली, हात धुतले आणि कुणी जेवायला थांबलं नाही. मठातल्या सिस्टर एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांनी मला विचारलं, आमचं काही चुकलं का? मी म्हटलं, नाही हो, तुमचं कुठं काय चुकलंय.

सोमवारी मी तांबडा आणि बांडा जुंपले. मोठ्या वर्गातली दोन पोरं आली, एकानं नांगर धरला. मी पुढं चालत होते. बांधावरून माणसं गेली, कुणी साधी विचारपूससुद्धा केली नाही. सेकाकेही गेला. त्यानं मान वळवली. नांगराचं तास सरळ येत नव्हतं, आणि मला वाटत होतं की हे बघायला आता सिस्टर नाहीत आणि मोहापीही नाही. दोघांना मीच पाठवलं, दोघांनाही तसंच. रडत रडत त्या दिवशी अर्धं शेत झालं.

दुपारी पेज वाढायला बसले. पोरं रांगेनं येत होती, वाडगं पुढं करत होती. त्यांना काय, पोरंच ती, भूक लागलेली. केनेवेचा नंबर आला. तिनं वाडगं पालथं धरलं.

"घे ना," मी म्हटलं.

"मला नको. तू सिस्टरना एकटं पाठवलंस."

"केनेवे, तमाशा करू नकोस."

"नको म्हणजे नको."

ती जाऊन कबरीपाशी बसली. संध्याकाळी घरी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रागावले, मग हातापाया पडले, मग पुन्हा रागावले. एकदा तर वाटलं सांगून टाकावं. सांगावं की तुझ्या सिस्टरना भीती वाटत होती, त्यांनी मागितलं होतं आणि मी दिलं नाही. पण ते कळून ती माझ्या हातचं कधी खाईल का? आणि शपथ घेतली होती ती कुणाला विचारून मोडणार?

तिसऱ्या दिवशी भुकेनंच तिला आणलं. रांगेत सगळ्यात शेवटी उभी होती, ओठ सुकलेले, मान खाली. वाडगं पुढं केलं. माझ्याकडे बघितलं नाही, आजी म्हणाली नाही. मी काठोकाठ वाढलं. थोडं सांडलंही. ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि बोटं चाटून सगळं संपवलं, मग उठून वर्गात गेली.

रागावली तर रागावली. पोर जेवली.